आधी दोर चढतो, मग माणूस

प्रश्न : आमच्या गुहागरच्या आगरात पाडेली माडाच्या खाचांत पाय रोवून भराभर चढतो. परवा टीव्हीवर अमेरिकेतल्या अवाढव्य झाडांवर संशोधक दोराने चढताना दाखवले. मला एकच कळेना, तो दोर बांधायला आधी वर कोण गेलं? आणि तो बांधतात तरी कशाला?

उत्तर : वर कोणीच गेलेलं नसतं. दोर जमिनीवरूनच पाठवतात, पण एका दमात नाही.

तुम्ही पाहिलीत ती बहुधा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतची रेडवूडची झाडं असावीत. त्यातलं सर्वांत उंच ठरलेलं झाड २००६ मध्ये माथ्यावरून फीत सोडून मोजलं, तेव्हा ११५.५५ मीटर भरलं. बुंधा चार-पाच मीटर रुंद. त्याला कवेत घेणं अशक्य, आणि पहिली भरवशाची फांदी कित्येकदा चाळीस-पन्नास मीटरवर. म्हणजे पाडेल्याची रीत इथे पहिल्याच पावलाला अडते.

आता दोराचं वजन बघा. करंगळीएवढा, ११ मिलिमीटरचा दोर मीटरला साधारण ७५ ग्रॅम भरतो. फांदी पन्नास मीटरवर असेल, तर वर जाऊन खाली येईपर्यंत शंभर मीटर दोर लागतो, म्हणजे साडेसात किलो. एवढं ओझं फेकून तिथवर पोचत नाही. म्हणून धनुष्याने बाण सोडतात आणि त्याला मासे धरायची बारीक तंगूस बांधलेली असते. बाण फांदीपलीकडे पडला की तंगुसाला सुतळीएवढी दोरी जोडून ओढायची, आणि त्या दोरीमागून खरा दोर. झाड बेताच्या उंचीचं असेल तर बाणही लागत नाही. छर्रे भरलेली पाव किलोची पिशवी मोठ्या गलोलीने भिरकावली की भागतं.

खरा वेळ जातो तो हवी ती फांदी मिळण्यात. तंगूस वाळक्या फांदीवर पडली, खोडापासून फार लांब पडली किंवा मध्येच डहाळ्यांत अडकली, की ओढून घ्यायची आणि पुन्हा नेम धरायचा. यात सकाळची दुपार होते, पण इथे घाई करायची नसते. दोर तुटून अपघात होईल ही आपली भीती असते. प्रत्यक्षात चांगला दोर दोन हजार किलोच्या वर ताण सोसतो. जास्त काळजी असते ती फांदीची. ती जिवंत हवी, जाड हवी आणि दोर तिच्या बेचक्यात, खोडाला लागून बसायला हवा. शेवग्याच्या फांदीला टोकाकडे लोंबकळलेलं पोर आणि ती फांदी दोन्ही खाली आलेली आपण पाहिलेली असतात. वजन खोडापासून जितकं लांब, तितका फांदीच्या मुळाशी ताण जास्त.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला फार आवडला, कारण ‘दोर वर फांदीला बांधलेला असतो’ असंच बहुतेकांना वाटतं. पुष्कळदा तो फांदीवरून नुसता टाकलेला असतो. एक टोक खाली बुंध्याला किंवा शेजारच्या झाडाला बांधतात आणि दुसऱ्या टोकावर माणूस चढतो. यात एक गोम आहे. विहिरीवरची कप्पी आठवा. दहा किलोची कळशी दोराला लटकते आहे आणि दुसरं टोक तुम्ही धरून उभ्या आहात. कळशी पडू नये म्हणून तुम्हालाही दहा किलोनेच खाली ओढावं लागतं. मग कप्पीच्या आडव्या लाकडावर भार किती? वीस किलो. कळशी थेट त्या लाकडाला टांगली असती तर दहाच. त्याच हिशेबाने ऐंशी किलोचा माणूस फांदीवर जवळजवळ एकशे साठ किलोचा भार टाकतो. फांदी काही कप्पीसारखी फिरत नाही. साल दोराला घासते आणि त्यामुळे भार थोडा कमी होतो. पण हिशेब दुपटीचाच धरावा. म्हणून चढण्याआधी दोघं-तिघं मिळून दोराला लोंबकळतात, झोके देतात. फांदी कुरकुरली तर दुसरी शोधायची.

मग दोर वरच का बांधत नाहीत? तेही करतात. खालीच सरकता फास करून तो दोर ओढत वर नेतात आणि फांदीभोवती आवळतात. भार एकपटच राहतो. पण फास नीट बसला की नाही, हे खालून हाताने चाचपता येत नाही. शिवाय वरचा माणूस बेशुद्ध पडला तर दोर वरच अडकलेला. कोणीतरी त्याच्यापर्यंत चढायला हवं. दोर खाली बांधलेला असेल आणि बुंध्याशी पुरेसा जादा दोर राखला असेल, तर खालचा सोबती त्याला हळूहळू उतरवू शकतो. फांदी दुप्पट भार पेलणारी मिळत असेल, तर मी खालच्या बांधणीच्याच बाजूने आहे. मात्र त्या गाठीजवळ कोयता-करवत फिरकू द्यायची नाही, आणि एक माणूस तिथे राखणीला हवा.

आता प्रत्यक्ष चढणं. दोराला दोन चिमटे लावतात. ते वर सरकतात, पण खाली ओढ बसली की दोर आवळून धरतात. एक कमरेच्या पट्ट्याला, दुसरा पायाच्या रिकिबीला. रिकिबीत उभं राहायचं, कमरेचा चिमटा वर सरकवायचा, पट्ट्यात बसायचं, पाय वर घ्यायचे, पुन्हा उभं राहायचं. मेहनत मांड्यांची, दंडांची नव्हे. असे चिमटे नसतील तर बारीक दोरीचे वेढे घालून तेच काम साधतं. ऑस्ट्रियाचे कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये ही गाठ गिर्यारोहकांपुढे मांडली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हा सगळा खटाटोप झाडासाठीही आहे. बुटांना खिळे लावून चढणं सोपं, पण प्रत्येक खिळ्याची जखम बुरशीला वाट देते. म्हणून तसे बूट तोडायच्या झाडापुरतेच वापरावेत. दोराने चढण्याचा फायदा संशोधनालाही झाला. संशोधक नलिनी नाडकर्णी यांनी दोरांवरून झाडांच्या शेंड्यांचा अभ्यास केला. फांद्यांवर साठलेल्या शेवाळाच्या गादीत झाडं स्वतःची मुळं सोडतात, हे त्यांनी १९८१ मध्ये मांडलं. जमिनीवर उभं राहून ही मुळं दिसली नसती.

शेवटी तुमच्या आगराबद्दल. दोर झावळीवरून टाकून माडावर चढायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. झावळी ही फांदी नव्हे. ती पिकली की आपोआप गळते. माडाला दोर खोडाभोवतीच हवा. खोडाला वेढणारे दोन तारांचे फास आणि पावलं टेकायला पट्ट्या, असं शिडीयंत्र मिळतं. त्यासोबत पाडेल्याच्या कमरेचा पट्टा खोडाभोवती वेगळा अडकवलेला असला पाहिजे. खाचाही शक्यतो नव्या पाडू नका. माडाचं खोड आंब्यासारखं नवी साल धरून जखम भरून काढत नाही. आज पाडलेली खाच माड उभा असेपर्यंत तशीच राहते.