आकाशातून दिसणारा धूर आणि धूळ



२३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई-पुण्याकडे आभाळ पांढुरके झाले, ऊन फिके पडले आणि उभ्या मोटारींवर धुळीचा थर बसला. ही धूळ आपल्या रानातली नव्हती. पाकिस्तानच्या बाजूला जोराच्या वाऱ्याने उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून इकडे आली होती. उपग्रहाच्या चित्रांत समुद्रावरचा तिचा पट्टा दिसला होता. हे कसे ओळखतात, ते आपण या पाठात पाहू.

धूर कोणता, धूळ कोणती?

दिवसाच्या साध्या चित्रात धूर निळसर-राखाडी दिसतो, तर धूळ मातकट दिसते. धुराला बहुधा बुडखा असतो, म्हणजे जाळाच्या जागी तो निमुळता आणि पुढे वाऱ्याबरोबर पसरत गेलेला दिसतो. समुद्राच्या गडद पाण्यावर धूळ चटकन उठून दिसते. पण उघड्या रानावर माती आणि धूळ एकाच रंगाची, तिथे नजर फसते. अशा वेळी जमिनीतून वर येणारी उष्णता दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतात. ढग आणि धूळ यांतून जाताना ती वेगवेगळ्या प्रमाणात अडते. त्या फरकावरून धूळ ओळखू येते, आणि तीसुद्धा रात्री!

जाळ कसा सापडतो?

गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळ उभे राहिले की ज्वाळा न दिसताही धग लागते. उपग्रहाचे तेच आहे. तापलेली वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण फेकते आणि आजूबाजूच्या थंड रानात ती लख्ख उठून दिसते.

या कामाला दोन तऱ्हेचे उपग्रह आहेत. आपले इन्सॅट उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवर एकाच जागी राहून दर अर्ध्या तासाला चित्र देतात. त्यामुळे धुळीची चाल कळते, पण लहान जाळ निसटतो. दुसरे नोआ-२० सारखे, सुमारे ८२५ कि.मी. उंचीवरून फिरणारे. ते आपल्यावरून दुपारी व रात्री दीडच्या सुमारास जातात. त्यांच्या चित्रातला एक ठिपका ३७५ मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण ३५ एकरांचा असतो. ठिपक्यातला थोडाच भाग जळत असला तरी पुरेशी धग असेल तर तो नोंदला जातो.

मर्यादा

दाट ढगाखालचा जाळ दिसत नाही. उपग्रह निघून गेल्यावर पेटून विझलेला फडही राहून जातो. म्हणून नकाशावर ठिपका नाही याचा अर्थ जाळ झालाच नाही, असे धरू नये. उलट पोलादाची भट्टीही ठिपका दाखवू शकते. शिवाय उपग्रह वरून सगळी हवा एकत्र पाहतो. धूर आपल्या नाकाशी आहे की दोन-तीन कि.मी. वर आहे, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी जमिनीवरची मापक यंत्रे लागतातच.

आपल्याला काय?

तोडणी झाली की फडात हेक्टरी ८ ते १० टन पाचट राहते. काडी लावली की अर्ध्या तासात रान मोकळे होते, हे खरे. पण पाचटातला नत्र आणि सेंद्रिय माल हवेत जातो, आणि धूर शेजारच्या वस्तीवरच्या लेकराबाळांच्या छातीत जातो. धुराला बांध नसतो. एकट्याच्या फडाचा धूर थोडा वाटतो, पण एकाच दुपारी शंभर फड पेटले की त्यांचे ठिपके आकाशातून मोजता येतात.

तरी सभासद बंधूंनी पाचट न जाळता एकाआड एक सरीत दाबावे किंवा कुट्टी करून पसरावे. ओल टिकते, तण कमी येते आणि खोडव्याला खतही घरचेच मिळते.