दिव्याच्या पल्ल्यातला वेग

चि. बाळूस,



नोकरी धाराशिवला आणि मुक्काम ढोकीला, म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तुझं परतणं बहुतेक अंधारातच होणार, आणि तेही ऐन गाळप हंगामात. म्हणून हे पत्र. मला एकच गोष्ट तुझ्या गळी उतरवायची आहे. रात्री गाडीच्या दिव्यात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी उभी करता आली पाहिजे. त्यापेक्षा जास्त वेग रात्री ठेवू नकोस.

हे मी भीतीपोटी लिहीत नाही, त्यामागे हिशेब आहे. डिपरवरच्या दुचाकीच्या दिव्यात काळपट, न चमकणारी वस्तू साधारण 40 मीटरवरून नीट ओळखू येते असं धरू. ती दिसल्यापासून हातपाय ब्रेकवर जाईपर्यंत रात्री दीड सेकंद सहज जातो. ताशी 40 च्या वेगाला तेवढ्यात सतराएक मीटर आणि ब्रेक लागून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर आणखी दहा-अकरा मीटर लागतात. म्हणजे गाडी 28 मीटरच्या आत उभी राहते. ताशी 60 ला हाच हिशेब 48-49 मीटरवर जातो, म्हणजे समोरच्या वस्तूवर तू ताशी 35 च्या आसपास वेगाने आदळणार. ताशी 80 ला तर ब्रेकला जेमतेम सहा-सात मीटर उरतात आणि धडक बसते ती 70 च्या पुढच्या वेगाने. हात कितीही सफाईचा असला तरी या आकड्यांत फरक पडत नाही. रस्ता ओला असेल, टायर घासलेले असतील किंवा मागे कुणी बसलेलं असेल, तर आकडे आणखी वाईट होतात.

आता ती काळपट वस्तू आपल्याकडे काय असते ते बघ. ढोकीचा तेरणा, रांजणीचा नॅचरल शुगर, शिवाय शेजारच्या जिल्ह्यांतले साखर कारखाने. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून ट्रॅक्टर रात्रभर चाललेले असतात. ट्रॉलीच्या मागे उसाची टोकं हात-दीड हात बाहेर आलेली असतात. मागे लाल दिवा असलाच तर तो वाढ्यांखाली झाकला जातो, आणि रिफ्लेक्टरवर वावरातल्या काळ्या मातीचा थर बसलेला असतो. टायर फुटला किंवा पाटा तुटला की तीच ट्रॉली रस्त्यातच उभी राहते, मागे दोन दगड आणि उसाचा पाला टाकला की झालं. कोजागिरीच्या सुमारास तुळजापूरला पायी निघालेले भाविकही रात्रीच रस्त्याच्या कडेने चालत असतात. त्यांच्या पाठीला तर दिवा नसतोच.

तू म्हणशील, चूक ट्रॉलीवाल्याची आहे. आहेच. मागे दिवा आणि रिफ्लेक्टर लावणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते न लावता ट्रॉली रस्त्यावर आणणं हा मी गुन्हाच मानतो. पण दोष कुणाचा हे पंचनाम्यात ठरतं, आणि पंचनामा धडकेनंतर होतो. त्याच्या दिव्यावर तुझा ताबा नाही. तुझ्या मुठीवर आहे.

अप्पर टाकून येणाऱ्या गाडीचंही तसंच. ती निघून गेल्यावर डोळ्यांसमोरची अंधारी जायला काही सेकंद लागतात. ताशी 60 ला तीन सेकंद म्हणजे 50 मीटर, तेही आंधळेपणाने. म्हणून समोरून झोत आला की आधी मूठ सोडायची आणि नजर डाव्या कडेवर ठेवायची.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. येडशीवरून जाणाऱ्या चौपदरी महामार्गावर 40 ने जाणाऱ्याला मागून येणारा ट्रक उडवू शकतो. तिथे अगदी डाव्या बाजूने चाल, आणि मागचा लाल दिवा चालू आहे ना हे निघण्याआधी बघ. पण तुझं रोजचं जाणं-येणं ज्या रस्त्याने आहे तिथे ही सबब चालणार नाही. वेळेचं म्हणशील, तर 25 किलोमीटरला 60 ने 25 मिनिटं लागतात आणि 40 ने साडेसदतीस. साडेबारा मिनिटांनी घरातलं कुणाचं काही अडत नाही.

रस्ता पाठ आहे, हे कारण तर मला मुळीच पटत नाही. पाठ असतो तो खड्डा आणि वळण, आज रात्री उभी राहिलेली ट्रॉली कशी पाठ असणार? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली. त्यांतली सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या अपघातांत गेली आणि चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची होती. त्याच वर्षी हेल्मेट नसलेले पन्नास हजारांवर दुचाकीस्वार आणि मागे बसलेले दगावले. हेल्मेट हँडलला अडकवून फिरण्यात अर्थ नाही, आणि डोक्यावर घालून पट्टा मोकळा सोडण्यातही नाही. उन्हाळ्यात डोकं उकडतं हे कबूल, पण मी सांगतोय तो प्रवास हिवाळ्यातल्या रात्रीचा आहे.

वाटेत कुणी पडलेलं दिसलं तर पुढे जाऊ नकोस. आधी 108 ला फोन लाव. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, तसं संरक्षण 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच घातलं आहे.

येत्या रविवारी गॅरेजला जाऊन हेडलाइटचा झोत नीट बसवून घे, काच पुसून घे. आणि आपल्या घरचीही ट्रॉली कारखान्याला जाते, हे विसरू नकोस. तिच्या मागे लाल चमकपट्टी आणि चालू दिवा लागल्याशिवाय या हंगामात ती फाट्यावर येऊ देऊ नकोस. दादा कुरकुरतील, माझं नाव सांग.

तुझा,
मामा