🌾 *बांधावरची ‘ज्वारी’ आधी उकरून बघा*


आजचा विषय: *बरू गवत (जॉन्सन ग्रास)*

पावसाने ताण दिला आणि पुन्हा सर आली की बांधाला, पाटाच्या कडेला ज्वारीसारखं हिरवंगार फुटतं. वाटतं, आयता चारा झाला. पण ते बरू असेल तर जनावर दगावू शकतं आणि वावरही हातचं जातं.

पिकांचे असे रानटी भाऊबंद जगात बरेच आहेत. जवाचा एक भाऊबंद भूमध्य समुद्राकडच्या देशांत बुडाशी कंद धरून वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या ज्वारीचा भाऊबंद बरू, तो जमिनीतल्या काशांवर टिकतो.

*ओळख*
▪️ पान ज्वारीपेक्षा अरुंद. ताटं बारीक, एका ठोंबाला बरीच.
▪️ कणीस घट्ट नसतं, मोकळं, तांबूस-जांभळं. बी पिकताच गळतं.
▪️ खात्रीची खूण: खुरप्याने उकरा. ज्वारीला नुसत्या बारीक मुळ्या. बरूला पांढऱ्या, पेरं असलेल्या जाड काशा.

*जनावरांना धोका* ⚠️
ज्वारीच्या पोंग्यांसारखंच कोवळं बरू खाल्लं की पोटात सायनाइडचं विष तयार होतं. दोन फुटांच्या आतलं, कापल्यावर नव्याने फुटलेलं किंवा पाण्याच्या ताणातलं बरू चारू नका.
लक्षणं: धाप लागणं, तोंडाला फेस, तोल जाणं. तासाभराच्या आतही जनावर मरू शकतं. समोरचा चारा काढा, जनावराला चालवू नका, लगेच *१९६२* वर फोन करा. यावरचं इंजेक्शन डॉक्टरच देतात. घरगुती उपायात वेळ घालवू नका.

*बंदोबस्त*
१) बरू असलेल्या तुकड्यात रोटाव्हेटर नको. एका काशीचे दहा तुकडे होतात आणि पेरापेरातून नवं रोप येतं.
२) फुलोऱ्याआधी कापा. फूट आली की परत कापा. बी पडू देऊ नका.
३) उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचा, कडक उन्हात वाळवून जाळा. उकिरड्यात टाकू नका.
४) भाड्याचा ट्रॅक्टर वावरात येण्याआधी अवजाराला अडकलेल्या काशा काढायला लावा.
५) ज्वारीच्या कणसावरची मिजमाशीही बरूवर वाढते. म्हणून बांधही साफ ठेवा.

ओळख पटत नसेल तर *मुळासकट* फोटो याच नंबरवर पाठवा, किंवा रोप पिशवीत बांधून औरंगपुऱ्यातल्या कार्यालयात आणा.

शेजारच्या बांधावर बरू दिसलं तर त्यांनाही हा मेसेज पाठवा. काशा धुरा ओळखत नाहीत.