भाचीला, समुद्रावर जाण्याआधी

गोव्याला चाललीस आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावर सर्फिंगची शिकवणी लावलीस, तीही एकटीची, हे तुझ्या बाबांकडून कळलं. फार बरं केलंस. दहाजणांच्या घोळक्यात शिकवणारा कुणाकुणाकडे बघणार? एकटीची शिकवणी म्हणजे दीडेक तास एका जाणत्या माणसाची नजर तुझ्यावर आणि तुझ्यामागून येणाऱ्या लाटेवर. तू पैसे मोजतेस ते त्या नजरेचे. बोर्डावर उभं राहणं त्या दिवशी जमेल किंवा जमणार नाही, पण पाणी कसं बघायचं ते त्या माणसाकडून शिकूनच परत ये. पुण्यात मुलींना पोहायला शिकवण्यात माझी हयात गेली आणि निवृत्तीनंतर मी स्वतः त्याच किनाऱ्यावर बोर्डावर चढले, म्हणून हक्काने चार गोष्टी सांगते.

आपल्या कसब्यातल्या घराला पाण्याची भीती आहे आणि ती उगाच नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा मुठेचं पाणी कसब्यातल्या नदीकडच्या वाड्यांत शिरलं. त्यानंतर तुझ्या आजीने घरातल्या कुणालाही नदीत उतरू दिलं नाही. पोहायचं तर तलावावर जाऊन, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, अशी तिची अट होती. त्या अटीपायीच मी रीतसर शिकले. तीच अट मी तुला घालते. बोर्ड तरंगतो, पायाला दोरी बांधलेली असते, मग पोहता कशाला यायला हवं, असं तुला कुणी सांगेल. ऐकू नकोस. सर्फिंग हवाईबाहेर जगभर नेणारा ड्यूक कहानामोकू आधी पोहणारा होता. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्णपदक त्याने मिळवलं होतं. तुला तलावाच्या चार फेऱ्या सहज जमतात, तेवढं पुरे आहे. पण जायच्या आधी आठवडाभर एक सराव कर: काठाला हात न लावता, खोल बाजूला, दहा मिनिटं नुसती तरंगत राहा. दमल्यावर तरंगता येणं हे समुद्रात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

आता पाण्याबद्दल.

माणसं उंच लाटेला घाबरतात. बुडवतं ते बहुतेकदा परतीचं पाणी. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठूनतरी माघारी जायला वाट शोधतं आणि एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. त्याला रिप करंट म्हणतात. फसवं असं की वरून तीच जागा सगळ्यात शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस झालेला असतो आणि मधे एक पट्टा काळसर, सपाट, लाट न फुटणारा. नवखा माणूस म्हणतो, इथे बरं आहे, आणि नेमका तिथेच उतरतो. फेस, पानं, कचरा आतल्या दिशेने वाहताना दिसला की समज. किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच कपडे बदलायला धावू नकोस. आधी थोड्या उंचवट्यावर उभी राहा आणि पंधरा मिनिटं नुसतं पाणी बघ. मग शिकवणाऱ्याला विचार, ‘आज पाणी माघारी कुठून जातंय?’ त्याने बोट दाखवलं की तुझ्या डोळ्यांनाही दिसेल, आणि एकदा दिसायला लागलं की पुढे कुठल्याही किनाऱ्यावर दिसत राहील. शिकवणीतली ही पंधरा मिनिटं वाया गेली असं मनातही आणू नकोस.

आणि सापडलीसच त्यात, तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसायचं नाही. त्या पाण्याशी झुंजून चांगले पोहणारे थकतात, आणि थकले की संपलं. बोर्ड सोडायचा नाही, त्यावर पोट टेकायचं, एक हात वर करून हाक मारायची. बोर्ड हाताशी नसेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलीस की फुटणाऱ्या लाटाच तुला काठाला आणतात. पुराच्या पाण्यात उतरणारे जुने लोकही धारेच्या उलट कधी जात नसत. तिरकं कापत, खाली लांबवर जाऊन काठ गाठत.

मोरजीला शापोरा नदी समुद्राला मिळते, केरीला तेरेखोल. नदीच्या मुखाशी पाणी भरती-ओहोटीबरोबर आतबाहेर धावत असतं. तिथे शिकायचं नाही, कुणी कितीही स्वस्तात शिकवलं तरी. हरमलच्या खडकांच्या बाजूलाही नाही. मांद्रे-आश्वे हा वाळूचा, उथळ उताराचा पट्टा आहे, तो तुला ठीक. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत थंडीपासून कासवं अंडी घालतात. काठ्या-दोऱ्या लावून जागा राखलेली दिसली तर लांबून जा आणि बोर्ड तिथे टेकवू नकोस.

वेळेचं म्हणशील तर सकाळ धर. शाळेत शिकलीस ते मतलई वारे आणि खारे वारे इथे खरोखर उपयोगी पडतात. रात्रभर थंड झालेल्या जमिनीकडून सकाळी समुद्राकडे वारा वाहतो. तो लाटेला समोरून अडवून धरतो, म्हणून लाट नीट उभी राहते आणि स्वच्छ फुटते. दुपारी वारा फिरतो, समुद्राकडून येतो, आणि पाणी नुसतं चुरगळतं. अकरानंतरची शिकवणी मिळत असेल तर नको म्हण.

भरतीचा अंदाज कालनिर्णयावरून काढता येतो, हे कोकणातल्या होडीवाल्यांचं जुनं गणित आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही, आणि साडेदहाच्या सुमारास ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. मुंबईकडे हे बरंच जुळतं, गोव्यात भरती जरा आधी येते, तेव्हा अंदाजापुरतं धर आणि नेमकी वेळ तिथल्या माणसाला विचार. मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, गोव्यात दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे किनारा तितका बदलत नाही. तरीही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाण्याची ओढ कमी असते. पूर्ण भरतीला लाट काठाजवळच आदळते. शिकणारीला अर्धी भरती किंवा ओहोटीकडचं पाणी बरं.

डिसेंबरात जातेस हे उत्तम. लाटा गुडघ्या-मांडीएवढ्या असतील, एखाद्या दिवशी त्याही नाहीत. खट्टू होऊ नकोस, पहिल्या शिकवणीला तेवढ्याच हव्यात. पावसाळ्यात मात्र कुणी ‘खऱ्या लाटा आत्ताच असतात’ म्हणून बोलावलं तरी जायचं नाही. महाराष्ट्र आणि गोव्याचे मच्छीमारसुद्धा 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्या काठाला ओढून ठेवतात. आणि थंडीचा समुद्र निरुपद्रवी असंही समजू नकोस. 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याहून सहलीला गेलेली कॉलेजची मुलंमुली मुरूडच्या समुद्रात बुडाली. फेब्रुवारी होता, भर दिवस होता. ती बातमी आली त्या दिवसापासून मी समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक पोराला थांबवून हे सगळं सांगते, त्याला कंटाळा आला तरी. गोव्यात 2008 पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात. त्यांचा मनोरा कुठे आहे ते आल्याआल्या बघून ठेव. लाल बावटा असेल तर शिकवणी बुडाली तरी चालेल.

शिकवणाऱ्याची पारख पैसे देण्याआधी करायची. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं किंवा भारतीय सर्फिंग महासंघाचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे का, जीवरक्षणाचं शिक्षण झालंय का, हे सरळ विचार. चांगला माणूस रागावत नाही, उलट खूश होतो. त्यानेही तुला विचारायला हवं: पोहता येतं का, दमा, फिट, पाठीचं काही दुखणं आहे का. काहीच न विचारता बोर्ड हातात देणाऱ्याकडे शिकू नकोस. ‘एकटीची’ म्हणून ठरवलेल्या शिकवणीत आयत्या वेळी आणखी दोघं घुसवतात. तेव्हा आधीच बोलून घे की पाण्यात तो फक्त तुझ्यापाशी असेल, आणि बोर्ड, अंगातला घट्ट टीशर्ट, सगळं त्याच रकमेत आहे. आणखी एक, बाईमाणसाने बाईमाणसाला सांगायचं: ढकलायचा असतो तो बोर्ड. खांदा किंवा पाय सरळ करायला हात लावायचा झाला तर तो आधी सांगून, विचारून. तुला अवघडल्यासारखं वाटलं तर भिडेखातर गप्प राहू नकोस. आणि चांगला माणूस भेटला तर त्याला मान दे. वयाने लहान असला तरी पाण्यात तो गुरू. दादा म्हण आणि सांगेल ते एकदा तरी तसंच्या तसं करून बघ.

घरी फरशीवर करायचा सराव सांगते, याने निम्मं काम होतं. चटईवर पालथी झोप. तळवे बरगड्यांच्या बाजूला, छातीच्या खालच्या टोकाशी, सपाट टेकलेले. बोर्डाच्या कडा मुठीत धरायच्या नाहीत. धरल्यास की बोर्ड कलंडतो. आता जोर काढताना वर येतो तसं छातीने वर ये आणि एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली ओढून आडवी उभी राहा, पुढचं पाऊल दोन हातांच्या मधे. गुडघा टेकून उठायची सवय लावून घेऊ नकोस, ती नंतर सुटत नाही. गुडघे वाकलेले, ढुंगण मागे न काढता, आणि नजर समोरच्या भिंतीवर. सगळ्याजणी पायाकडे बघतात. बघितलं की पडलंच. कुठला पाय पुढे हे कळत नसेल तर डोळे मिटून उभी राहा आणि बाबांना मागून हलकेच ढकलायला सांग. तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे पडतो तो पुढचा. दोरी दुसऱ्या, मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची.

बोर्ड मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी माग. छोटा बोर्ड ऐटबाज दिसतो, पण त्यावर शिकता येत नाही. पाण्यात कंबरेच्या वर जायचं नाही. फुटून गेलेल्या लाटेचा पांढरा फेस हीच पहिली पाटी. लाट आणि तू यांच्यामधे बोर्ड कधीही आडवा धरू नकोस, तो थेट तोंडावर येतो. दोरी हाताला गुंडाळू नकोस, बोटं तुटण्याची वेळ येते. पडायचं ते सपाट, पाठीवर किंवा कुशीवर, डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, कारण खाली कमरेएवढंच पाणी आणि कडक वाळू आहे. वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकून ये. बोर्ड कुठे आहे ते तुला माहीत नसतं. पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत ने, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट सरकून जातं.

आणि मग ती लाट येते. मागून फेसाचा आवाज वाढत जातो, बोर्डाची शेपूट उचलली जाते, आणि तुझ्या काही करण्याआधीच सगळं पुढे धावायला लागतं. तेवढ्यात उठायची घाई होते. थांब. बोर्ड लाटेबरोबर सरळ पळतोय असं पोटाला जाणवू दे, दोन हात आणखी मार, मग ऊठ. पहिल्या काही लाटा तर नुसत्या पोटावर झोपूनच काठापर्यंत घे. त्यात कमीपणा काही नाही, वेग अंगात मुरतो.

शरीराचं थोडं. रात्रभर आंबोली घाटातून बसचे धक्के खात पोचलीस की त्याच सकाळी शिकवणी घ्यायची नाही; एक रात्र झोप काढ. सकाळी निघताना पेज किंवा एखादा पाव-भाजी, तेही तास-दोन तास आधी. अंगठी, कानातलं, गळ्यातलं सगळं मुक्कामी ठेव. वेणी घट्ट घाल. चष्मा काढल्यावर तुला लांबचं दिसत नाही, हे शिकवणाऱ्याला सांगून ठेव, म्हणजे तो हातवारे न करता हाक मारेल.

एक गोष्ट फार क्वचित घडते, पण ती नवख्यांनाच घडते म्हणून लिहिते. सवय नसताना बोर्डावर पालथं पडून बराच वेळ पाठ मागे ताणून ठेवली की मणक्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडखळू शकतो. 2004 मध्ये हवाईतल्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा नोंदवलं. पाठीत अचानक कळ, पाठोपाठ पायांत मुंग्या किंवा बधिरपणा, अशी ती लक्षणं. तसं काही वाटलं तर ‘अजून एक लाट’ म्हणायचं नाही, लगेच बाहेर यायचं आणि इस्पितळ गाठायचं. दर दहा-पंधरा मिनिटांनी बोर्डावर उठून बसत राहा आणि पाठ सैल सोड.

दुसऱ्या दिवशी खांदे, मान आणि बरगड्या ठणकतील, पोटाला बोर्ड घासून लालसर होईल. म्हणून दोन शिकवण्या सलग लावू नकोस, मधे एक दिवस मोकळा ठेव. त्या मोकळ्या दिवशी सकाळी तिथेच जाऊन बस आणि लाटा बघ. त्या गटाने येतात. काही मोठ्या, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा मोठ्या. दोन गटांमधे किती वेळ जातो ते घड्याळ लावून टिपून घे आणि दुसऱ्या शिकवणीला गेल्यावर दादाला तो आकडा सांग. कुठल्या लाटेला हात मारायला लागायचं ते मग तोच दाखवेल.