गोळ्यांची सवय लागेल?

प्रश्न : नैराश्यासाठी यजमानांना एस्सिटालोप्राम सुरू होऊन दहा दिवस झाले. फरक नाही, वर मळमळ. सासूबाई म्हणतात, सवय लागेल. बंद करू का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, इतक्यात नको. ही गोळी क्रोसिनसारखी तासाभरात गुण देत नाही. २ ते ४ आठवडे लागतात, कधी ६-८. मळमळ बहुधा ओसरते. गोळी जेवणानंतर द्या. दारूसारखं व्यसन लागत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी येते. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक. इतरांना डोस किंवा औषध बदलावं लागतं, समुपदेशनही. बरं वाटल्यावरही किमान ६ महिने गोळी चालू ठेवतात. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर एकटं सोडू नका. त्याच दिवशी परळच्या केईएम रुग्णालयात न्या. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन (१४४१६) चोवीस तास चालू असते.