उजळणीची पेटी : दहावीच्या सरावासाठी एक कुलूप-खेळ

शालान्त परीक्षेपूर्वीचे दोन महिने निवासी शाळेत कानांनाही ओळखू येतात. सायंकाळच्या अभ्यासिकेत सारी मुले एकाच वेळी पुटपुटत वाचत असतात. पाठ्यपुस्तकाचे तेच पान तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचले जाते, अधोरेखित ओळीखाली आणखी एक रेघ ओढली जाते आणि ‘हे मला येते’ असा विश्वास मनात दृढ होतो. हा विश्वास पुष्कळदा फसवा असतो. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. परीक्षागृहात पुस्तक मिटलेले असते, तेथे दुसरीच क्रिया उपयोगी पडते.

2006 साली रोडिगर व कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हा भेद प्रयोगाने दाखवून दिला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रे वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रे न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने मात्र चित्र पालटले : वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे, पुन्हा आठवणे होय, हा यातील बोध.

परंतु रोज चाचणी घेतली, तर मुले कंटाळतात आणि कच्ची मुले धास्तावतात. ज्यांच्या घरात दहावीची पायरी गाठणारे तेच पहिले आहेत, अशा मुलांना एकेका गुणाचे ओझे अधिक वाटते. आठवण्याचा व्यायाम घडावा, पण चाचणीचे भय नसावे, या हेतूने आम्ही कुलूप-खेळाकडे वळलो.

खेळाचे मूळ

कोडी सोडवून बंद खोलीतून बाहेर पडण्याच्या खेळाला आजचे रूप जपानमध्ये आले. 2007 साली क्योतो येथे ताकाओ कातो यांनी तो प्रथम आयोजित केला. कोड्यांतून विद्या शिकविण्याची परंपरा मात्र आपल्याकडेही जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. 1150) 9 हात उंच खांबावरचा मोर, खांबाच्या तळाशी असलेले बीळ आणि 27 हातांवरून बिळाकडे येणारा साप यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दोघेही सारखेच अंतर कापतात. मग मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठील? उत्तर 12 हात. आपल्या भूमितीच्या पुस्तकातील पायथागोरसचे प्रमेयच येथे कामाला येते.

आमच्या खेळात एक बदल आवश्यक आहे. वर्गाचे दार कधीही बंद करावयाचे नाही. कुलूप पेटीला लावावयाचे. वसतिगृहात पत्र्याची पेटी हवी तेव्हा मिळते. चार अंकांचे एक कुलूप आणावे. तेही नसेल, तर साधे कुलूप लावून किल्ली एका विद्यार्थ्याकडे द्यावी. गटाने योग्य अंक चिठ्ठीवर लिहून दिल्यावरच या ‘किल्लीदारा’ने किल्ली द्यावी.

एक नमुना

प्रत्येक गटाला दोन पाकिटे व एक चिठ्ठी द्यावी.

पहिले पाकीट, वर ‘क्लोरीन’ असे लिहिलेले : एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज 9 आहे. अंकांची अदलाबदल केल्यास येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा 27 ने मोठी आहे. मूळ संख्या कोणती? (उत्तर : 36)

दुसरे पाकीट, वर ‘सोडिअम’ असे लिहिलेले : 4, 9, 14, … या अंकगणिती श्रेढीचे कितवे पद 104 आहे? (उत्तर : 21)

चिठ्ठी : ज्या मूलद्रव्याचा अणू आकाराने मोठा, त्याच्या पाकिटातील उत्तर आधी.

दोन्ही मूलद्रव्ये तिसऱ्या आवर्तातील आहेत. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरील प्रभार वाढतो, इलेक्ट्रॉन अधिक ओढले जातात आणि अणू लहान होत जातो. म्हणून सोडिअम आधी. कुलपाचा अंक 2136.

या मांडणीचे खरे मोल कुलूप न उघडण्यात आहे. गटाने 2036 लावले, तर श्रेढीत 100 ला 5 ने भागून थांबल्याचे कळते. पहिले पद मोजावयाचे राहिले. 2163 लावले, तर मूळ संख्या व अदलाबदल केलेली संख्या यांत गल्लत झाली. 3621 लावले, तर अणुअंक वाढला की अणूही मोठा होतो, हा समज अजून गेलेला नाही. शिक्षकाने काही न बोलता लावलेला अंक टिपून ठेवावा. चुकीला लाल रेघ मिळत नाही, केवळ कुलूप उघडत नाही; मुले आपणहून मागे वळतात आणि पायऱ्या तपासतात.

इतिहासासाठी अक्षरांचे कुलूप करता येते. बेंगॉल गॅझेट (1780), दर्पण (1832), दीनबंधु (1877) व केसरी (1881) या वृत्तपत्रांची नावे चार पट्ट्यांवर लिहावीत. साले लिहू नयेत. मागे अनुक्रमे दा, रा, मा, गे ही अक्षरे असावीत. कालानुक्रम जुळला, तर पुढील पाकीट कोठे आहे ते कळते.

काही नियम

गट चौघांचा असावा. मोठ्या गटात एक हुशार मुलगा सोडवितो आणि उरलेले पाहत राहतात. प्रत्येकाच्या हाती वेगळा कागद द्यावा व तो त्यानेच मोठ्याने वाचावा. लेखणी दर कोड्याला दुसऱ्याकडे जावी. कुलूप लावण्यापूर्वी गटातील सर्वांत कमी बोलणाऱ्याने उत्तराचे कारण सांगावे. त्याला ते सांगता यावे म्हणून बाकीचे त्याला शिकवितात आणि शिकविताना स्वतःही पक्के होतात.

वेळ 25 मिनिटे पुरे. गटागटांत चढाओढ लावण्यापेक्षा सर्व गटांच्या पेट्या उघडल्या की वर्ग जिंकला, असे ठेवावे. पेटीत बक्षीस मोठे नको. मूठभर शेंगदाणे-गूळ चालतो. उरलेली 15 मिनिटे मात्र कधीही सोडू नयेत. त्या वेळी टिपलेले चुकीचे अंक गटाचे नाव न घेता फळ्यावर मांडावेत आणि ‘हा अंक कसा आला असेल?’ असे वर्गाला विचारावे. खेळातील आनंदाचे ज्ञानात रूपांतर होते ते येथेच.

मर्यादा

कुलपाला अंतिम उत्तर पुरते. मंडळाच्या उत्तरपत्रिकेला पायऱ्या, आकृती, एकके आणि सुवाच्य अक्षर लागते. म्हणून खेळात आलेले प्रत्येक उदाहरण त्याच रात्री अभ्यासिकेत एकट्याने, पूर्ण पायऱ्यांसह वहीत उतरवावे. आठवड्यातून एकच खेळ घ्यावा आणि तेच घटक तीन आठवड्यांनी वेगळ्या कोड्यातून पुन्हा आणावेत. मध्ये थोडे विसरून पुन्हा आठविलेले अधिक टिकते. कोडी रचण्याचे काम हळूहळू मुलांकडेच सोपवावे. कोणती चूक कोणता अंक देईल, हे ज्याला आधी सांगता येते, त्याला तो घटक कळला असे समजण्यास हरकत नाही.

परीक्षेचे भय उपदेशाने जात नाही. अडलेल्या ठिकाणाहून मागे येऊन पुन्हा वाट काढता येते, हा अनुभव अनेक वेळा घ्यावा लागतो. तो वर्गात, सोबत्यांसह आणि हसतखेळत मिळाला, तर एकट्याने सोडवावयाच्या त्या तीन तासांत मूल अवघड प्रश्नापाशी थबकले तरी लेखणी खाली ठेवणार नाही. आपापल्या शाळेत एखादी जुनी पेटी असेलच. शिक्षकबंधुभगिनींनी तिला एक कुलूप लावून पाहावे.