प्रवेश परीक्षेतील कमी गुण आणि दुसरा प्रयत्न
(एम.बी.ए. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी)



चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी या बाजूंनी नागझिऱ्याच्या जंगलात वाटा शिरतात. त्या वाटांवरील गावांतून आज पदवीधर मुले-मुली निघत आहेत. कोणी गोंदियाला शिकले, कोणी तिरोड्याला, कोणी साकोलीला. त्यांपैकी काहीजण पुढे व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घ्यावे म्हणून प्रवेश परीक्षेला बसतात. निकाल लागतो, गुण अपेक्षेपेक्षा कमी येतात आणि घरात एकच वाक्य ऐकू येते, "हे आपल्यासाठी नाही." हे वाक्य घाईचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कमी गुणांचा अर्थ नीट लावला, तर दुसऱ्या प्रयत्नात सुधारणा करता येते. ती कशी करावी, याचा विचार या लेखात करू.

१. आधी परीक्षा ओळखा

आपल्या भागातील विद्यार्थ्यांसाठी दोन परीक्षा मुख्यतः महत्त्वाच्या आहेत. पहिली 'कॅट'. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या, म्हणजे आय.आय.एम.च्या, प्रवेशासाठी ती घेतली जाते. २००९ पासून ती संगणकावर होते. २०१५ मध्ये सुरू झालेली नागपूरची आय.आय.एम. तर आपल्या विदर्भातच आहे. दुसरी परीक्षा राज्य शासनाच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची 'सी.ई.टी.'. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेपासून विदर्भातील अनेक महाविद्यालयांपर्यंतचे प्रवेश तिच्यावर होतात.

दोन्हींचे स्वभाव वेगळे आहेत. २०२४ च्या कॅटमध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते. इंग्रजी आकलनाचे २४, माहितीचे विश्लेषण व तर्क यांचे २२ आणि गणिताचे २२. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे. एका विभागातील वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा. ज्यांत उत्तर स्वतः टंकित करायचे असते, त्या प्रश्नांना वजावट नाही.

सी.ई.टी.चा प्रचलित आराखडा असा : १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला वजावट नाही. हिशेब केला, तर एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात. म्हणजे कॅटमध्ये कोणता प्रश्न सोडायचा हे कळावे लागते, तर सी.ई.टी.मध्ये वेग लागतो आणि एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो. एकाच तयारीवर दोन्ही परीक्षा एकाच पद्धतीने देणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

२. गुणपत्रिका वाचायला शिका

गुणपत्रिकेवर ७२ पर्सेंटाईल दिसले की पुष्कळ पालक ते ७२ टक्के समजतात आणि खूश होतात. विद्यार्थी मात्र खिन्न असतो. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. ७२ पर्सेंटाईल म्हणजे परीक्षा दिलेल्या दर शंभरांपैकी साधारण ७२ जण तुमच्या मागे आहेत. आता हेच उलट बाजूने पाहा. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी दिली. त्यात एक पर्सेंटाईल म्हणजे जवळपास २,९३० उमेदवार. ७२ पर्सेंटाईलच्या पुढे मग सुमारे ८२ हजार उमेदवार राहतात.

हा आकडा भीती घालण्यासाठी दिलेला नाही. गुणांच्या मधल्या पट्ट्यात उमेदवारांची गर्दी दाट असते. तेथे आठ-दहा गुण वाढले, तरी हजारो उमेदवार मागे पडतात. म्हणून कमी गुणांच्या विद्यार्थ्याला सुधारण्यास वाव मोठा असतो.

शिवाय एकूण पर्सेंटाईलबरोबर प्रत्येक विभागाचे पर्सेंटाईलही पाहावे. आय.आय.एम. संस्था एकूण आणि विभागवार असे दोन्ही किमान निकष लावतात. गणितात उत्तम असलेला विद्यार्थी इंग्रजीच्या विभागात घसरला, तर एकूण गुण चांगले असूनही त्याला मुलाखतीचे पत्र येत नाही. बांधीचा धुरा एका ठिकाणी फुटला असेल, तर दुसरीकडून कितीही पाणी सोडले तरी ते टिकत नाही. आधी धुरा बांधावा लागतो.

३. चुकांची गणना

बुद्धपौर्णिमेच्या रात्री जंगलातील पाणवठ्यांवर मचाण बांधून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याची पद्धत आपल्याला ठाऊक आहे. मचाणावर बसलेला माणूस जे दिसले तेच लिहितो : किती वाजता, कोणता प्राणी, किती संख्या. वाघ दिसावा अशी इच्छा असली, म्हणून वहीत वाघ लिहून चालत नाही. सराव परीक्षेनंतर विद्यार्थ्याने आपल्या चुकांची नोंद अशीच करावी. "माझे गणित कच्चे आहे" हे वाक्य नोंद नव्हे, ती तक्रार झाली.

चुकांचे चार रकाने करावेत :

(अ) विषयच माहीत नव्हता.
(ब) येत होते, पण घाईत आकडेमोड किंवा वाचन चुकले.
(क) येत होते, पण वेळ पुरला नाही.
(ड) सोडून द्यायला हवा होता असा प्रश्न हाती घेतला.

प्रत्येक रकान्याचा उपाय वेगळा आहे. पहिल्याला पुस्तक लागते. दुसऱ्याला उत्तर लिहिण्यापूर्वी पाच सेकंद थांबण्याची सवय लागते. तिसऱ्याला घड्याळ लावून केलेला सराव लागतो. चौथ्याला मोह आवरावा लागतो. बहुतेक विद्यार्थी चारही आजारांवर एकच औषध घेतात, म्हणजे आणखी एक जाडजूड पुस्तक विकत आणतात. मग गुण तेथेच राहतात.

चौथ्या रकान्याचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. समजा, एका विद्यार्थ्याने कॅटच्या गणित विभागात १६ पर्यायी प्रश्न सोडविले. त्यांपैकी ७ बरोबर आले, ९ चुकले. मिळाले २१ गुण, वजा झाले ९, हाती राहिले १२. त्याच विद्यार्थ्याने १० च प्रश्न घेतले असते आणि त्यांत तेच ७ बरोबर व ३ चूक आले असते, तर गुण झाले असते १८. ज्ञान तेवढेच, पण गुण दीडपट.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, याचेही गणित आहे. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने चार वेळांत एकदा ३ गुण मिळतात आणि तीनदा एकेक गुण जातो. निव्वळ लाभ शून्य. पण एक पर्याय खात्रीने चूक असल्याचे कळले आणि उरलेल्या तिघांतून निवड केली, तर तीन वेळांत सरासरी ३ गुण येतात व २ जातात. म्हणजे लाभाची बाजू जड होते. एकही पर्याय बाद करता येत नसेल, तर कॅटमध्ये प्रश्न सोडावा. सी.ई.टी.मध्ये मात्र शेवटची दोन मिनिटे राखून ठेवावीत आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर द्यावेच.

४. विभागवार उपाय

इंग्रजी आकलन : मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला येथे सर्वांत जास्त धास्ती वाटते. उपाय शब्दांच्या याद्या पाठ करण्यात नाही. रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख किंवा लेख वाचावा. प्रत्येक परिच्छेद झाला की पुस्तक बाजूला ठेवून "लेखक येथे काय म्हणतो आहे?" याचे उत्तर मराठीत एका वाक्यात द्यावे. उत्तर देता आले नाही, तर परिच्छेद पुन्हा वाचावा. आकलनाची परीक्षा लेखकाचा मुद्दा पकडण्याची असते. मुद्दा मराठीत पकडता आला, तर पर्यायातील इंग्रजी वाक्य ओळखता येते. पहिल्या महिन्यात वेग कमी राहील, त्याची चिंता करू नये. विषयही बदलते ठेवावेत : अर्थकारण, विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान.

गणित : शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम-वेग या पायाभूत भागांपासून सुरुवात करावी. हे भाग आपल्या घरात रोज वावरतात. शासकीय धान भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ हे प्रमाण धरले जाते. मग ४० क्विंटल तांदळाला धान किती? येथे पुष्कळजण ४० चे ६७ टक्के काढतात आणि २६.८ हे उत्तर देतात. तांदळाला लागणारे धान तांदळापेक्षा कमी कसे असेल, हा प्रश्न मनात आला की चूक लगेच सापडते. ४० ला ०.६७ ने भागावे. सुमारे ५९.७ क्विंटल. उत्तर व्यवहाराला धरून आहे की नाही, हे तपासण्याची ही सवय परीक्षेत फार उपयोगी पडते.

माहितीचे विश्लेषण व तर्क : येथे प्रश्न गटाने येतात. पहिला गट दिसला की त्यातच शिरू नये. सुरुवातीची चार-पाच मिनिटे सर्व गट नजरेखालून घालावेत आणि सोपे दोन निवडावेत. दहा-बारा मिनिटांत गट उलगडला नाही, तर तो सोडून पुढे जावे. जंगलात वाट चुकल्याचे लक्षात आले, तर शहाणा माणूस आणखी आत जात नाही.

५. वेळापत्रक आपल्या हंगामाप्रमाणे

शहरातील शिकवण्यांची वेळापत्रके आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. कॅट साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरीस होते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे रोवणी असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी. म्हणजे अभ्यासाचे महिने आणि शेतीचे महिने एकच. ज्या घरात मजूर लावण्याची ऐपत नाही, तेथे मुलाला आणि विशेषतः मुलीला बांधीत उतरावेच लागते. म्हणून पायाभूत अभ्यास फेब्रुवारी ते जूनमध्ये पूर्ण करावा. रोवणीच्या दिवसांत रोज एक तास वाचन व दहा गणिते एवढेच ठेवावे, पण खंड पडू देऊ नये. पोळ्यानंतर दर आठवड्यास एक पूर्ण सराव परीक्षा द्यावी. सराव परीक्षेला दोन तास, तर तिच्या तपासणीला चार तास द्यावेत. न तपासलेली सराव परीक्षा म्हणजे मळणी न केलेले पीक.

जंगलालगतच्या गावांत मोबाईलला रेंज मिळत नाही, ही अडचण खरी आहे. सरावाचे साहित्य तालुक्याच्या ठिकाणी उतरवून घ्यावे. परीक्षा संगणकावर असते, म्हणून निदान चार-पाच सराव परीक्षा संगणकावरच द्याव्यात. पडद्यावरचा गणकयंत्राचा चौकोन आणि माऊस यांची सवय नसेल, तर वेळ तेथेच जातो.

पालकांना आमची विनंती आहे. दुसऱ्या प्रयत्नाचे वर्ष म्हणजे रिकामे बसण्याचे वर्ष नव्हे. त्यातही, मुलाला दुसरी संधी आणि मुलीला लग्नाचे स्थळ, असा भेद घरात होऊ देऊ नका.

६. कागदपत्रे आणि खर्च

गुण मिळूनही कागदाअभावी जागा जाऊ शकते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास व उत्पन्नाचा दाखला यांचे अर्ज परीक्षेपूर्वीच करावेत. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींचा हक्क मिळाला. त्यामुळे आय.आय.एम.साठी केंद्रीय नमुन्यातील दाखला आधीच तपासून घ्यावा. या संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, जमातींसाठी साडेसात टक्के आणि इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा राखीव असतात. २०२४ मध्ये कॅटचे शुल्क २,५०० रुपये होते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ते १,२५० रुपये होते. आय.आय.एम.ची फी ऐकून माघार घेऊ नये. केंद्र शासनाची अनुसूचित जातींसाठीची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे आणि तिच्या यादीत आय.आय.एम. संस्था आहेत.

७. दुसरा प्रयत्न म्हणजे काय

कॅट किती वेळा द्यावी, याला मर्यादा नाही. तरीही प्रयत्न अमर्याद नसावेत. दुसऱ्या प्रयत्नासोबत सी.ई.टी. द्यावी, शक्य असल्यास एखादी नोकरी किंवा व्यवसाय सांभाळावा. कामाचा अनुभव मुलाखतीत उपयोगी पडतो. चुकांची वही पहिल्यासारखीच राहत असेल, तर केवळ वर्ष वाढवून गुण वाढणार नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन विद्यापीठास रुपयाच्या प्रश्नावरील आपला डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी त्यात फेरफार सुचविले. बाबासाहेब त्यानंतर मुंबईस परतले, पैशांची ओढाताण होती. त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला पाठविला. १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्यांनी ध्येय बदलले नाही, निष्कर्ष सोडले नाहीत, मांडणी सुधारली. दुसऱ्या प्रयत्नाची व्याख्या यापेक्षा निराळी काय असू शकते?

तेव्हा, मित्रहो, गुणपत्रिका ट्रंकेत लपवून ठेवू नका. ती समोर ठेवा, शेजारी एक कोरी वही घ्या, चार रकाने आखा आणि पहिली चूक आजच लिहा. अडेल तेथे गावातील पुढे गेलेल्या ताई-दादांना विचारा. आणि तुम्ही पुढे गेलात, की मागून येणाऱ्याला तीच वही दाखवा.